बिनचिठ्ठीच्या काचेच्या कांड्या: नाव शोधावे की वागणूक?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातच मणी बनवण्याचा छंद असलेल्या एका गृहस्थांच्या पश्चात त्यांच्या घरच्यांकडून आपण सुमारे १२ किलो काचेच्या कांड्या विकत घेतल्या. बहुतेकांवर चिठ्ठी नाही. दोन-तीन पुडक्यांना ‘मोरेत्ती’ असे छापलेला कागद आहे, एका पुडक्यावर पेनाने नुसता ‘९६’ हा आकडा लिहिलेला आहे, आणि काळ्या कांड्या पुष्कळ आहेत, ज्यांची पोत करण्याचा आपला विचार आहे. आपण स्वतः १०४ च्या काचेवर काम करता (हा काचेच्या प्रसरणाचा आकडा, त्याचा अर्थ पुढे येतो; ‘९६’ ही तसाच). या कांड्या कोणत्या कंपनीच्या हे कसे ओळखावे आणि त्या आपल्या काचेत मिसळता येतील का, असे आपण विचारले आहे.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या अनुभवात पहिल्याचे उत्तर बहुधा अर्धवटच मिळते, तर दुसऱ्याचे उत्तर टेबलावर बसून एका दुपारी मिळवता येते. मी २० हून अधिक वर्षे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील काचेची उपकरणे दुरुस्त केली आणि नंतर मण्यांकडे वळलो. या काळात चिठ्ठी गमावलेली काच इतक्या वेळा हाती आली की तिचे नाव विचारण्याचा नाद मी सोडून दिला. ती काच माझ्या ओळखीच्या काचेशी कशी वागते, एवढेच मी तपासतो. खाली लिहिलेले सारे त्याच दिशेने आहे.

आपण लिहिले आहे की घरी आणल्यावर कांड्या रंगांप्रमाणे लावून ठेवल्या. हे वाचून मला थोडे वाईट वाटले. जुन्या साठ्यात कोणती कांडी कोणत्या पुडक्यात होती, हीच सर्वांत मोलाची माहिती असते; एका रबराने बांधलेल्या कांड्या बहुधा एकाच खरेदीतल्या असतात, आणि त्यांतल्या एकीची परीक्षा झाली की बाकीच्यांबद्दल बराच अंदाज बांधता येतो. जी पुडकी अजून सुटलेली नाहीत ती तशीच ठेवावीत, प्रत्येकाला नाव न देता नुसता क्रमांक द्यावा आणि वहीत त्याच क्रमांकापुढे लांबी, जाडी, कापलेल्या टोकाचे स्वरूप व कागदाचा तुकडा असल्यास तो चिकटवून ठेवावा. मोरेत्तीची कांडी मुळात मीटरभर लांब येते व विक्रेते तिचे साधारण ३३ सेंटिमीटरचे तीन तुकडे करतात. बुल्सआय या अमेरिकी कंपनीची कांडी ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते. लांबीवरून निकाल लावता येत नाही, पण संशय कुठे घ्यावा हे कळते.

‘मोरेत्ती’ आणि ‘एफेत्रे’ ही इटलीतील मुरानो येथील एकाच काच बनवणाऱ्या घराण्याची जुनी-नवी नावे आहेत (एफेत्रे म्हणजे इटालियन उच्चाराप्रमाणे ‘एफ’ आणि ‘तीन’), तेव्हा त्या कागदातल्या कांड्या खरोखर त्या कागदातल्याच असतील तर त्या आपल्या १०४ च्याच आहेत. ‘९६’ लिहिलेले पुडके अमेरिकेतील स्पेक्ट्रम कंपनीच्या ‘सिस्टिम ९६’ मालिकेतले असण्याचा संभव आहे. त्या कंपनीने २०१६ साली कारखाना बंद केला आणि त्या काचेचे उत्पादन पुढे ओशनसाइड या कंपनीकडे गेले. पोर्टलंडची उरोबोरोस ही काचेची कंपनीही २०१७ मध्ये थांबली. इटलीच्या व्हेट्रोफॉन्डच्या १०४ च्या कांड्याही आता बनत नाहीत. त्यांचे काही रंग एकेका घाण्यापुरतेच निघाले, त्यामुळे एखादा विचित्र सुंदर रंग कोणत्याच तक्त्याशी जुळला नाही तर नवल मानू नये. नावांचे पुराण एवढे पुरे.

आता १०४ म्हणजे काय, हे एकदा नीट मनात बसवून घ्यावे, कारण पुढच्या सर्व परीक्षा त्यावर उभ्या आहेत. हा आकडा प्रसरणाचा आहे आणि तो एक कोटीच्या हिशोबात मोजलेला आहे. एक कोटी मिलिमीटर म्हणजे १० किलोमीटर लांबीची कांडी एका अंशाने तापवली तर ती १०४ मिलिमीटर वाढेल, असा त्याचा अर्थ. बोरोसिलिकेटची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या काचेची (थोडक्यात ‘बोरो’), तेवढीच कांडी फक्त ३३ मिलिमीटर वाढेल. आपल्या टेबलावर हा फरक किती उरतो? मणी साधारण ५०० अंशांच्या आसपास घट्ट होतो आणि तिथून खोलीच्या तापमानापर्यंत येताना ३० सेंटिमीटर लांबीत १०४ ची काच ९६ च्या काचेपेक्षा जेमतेम ०.१ मिलिमीटर जास्त आकसते. डोळ्यांना न दिसणारा हा फरक काचेला मात्र सोसत नाही. टॉवेलच्या किनारीचे सूत आणि अंगाचे सूत वेगवेगळे आटणारे निघाले तर पहिल्या धुण्यात किनारीला चुण्या पडतात, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कापडाला चुणी पडून सुटका करून घेता येते. काचेला ती सोय नाही, म्हणून ती तडकते.

पहिली चाळणी मोठ्या भेदांची करावी: बोरो, शिशाची काच आणि सोड्याची काच. प्रयोगशाळेच्या कामातले लोक बोरोला ‘हार्ड ग्लास’ म्हणतात, आणि तिच्यासाठी सर्वांत सुंदर परीक्षा आपल्या स्वयंपाकघरात आहे. करडईचे तेल एका सरळ बाजूच्या पेल्यात घ्यावे आणि बिनरंगी कांडी त्यात उभी धरावी. बोरोचा अपवर्तनांक सुमारे १.४७४ असतो आणि खोलीच्या तापमानाला करडईच्या तेलाचाही जवळजवळ तेवढाच असतो, त्यामुळे तेलात बुडालेला भाग डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. सोड्याच्या काचेचा अपवर्तनांक १.५२ च्या आसपास असल्यामुळे तिच्या कडा तेलातही स्वच्छ दिसत राहतात. मी घाण्यावरचे तेल वापरतो. ते गाळलेले आणि निवळ असावे. आपल्याकडच्या मे महिन्यात तेल तापून त्याचा अंक किंचित उतरतो आणि कडा पुसट दिसू लागतात, तेव्हा ही परीक्षा सकाळच्या गारव्यात करावी. पारदर्शक रंगीत कांडीचा रंग दिसत राहील पण कड हरवेल. अपारदर्शक कांडीला मात्र ही युक्ती लागू पडत नाही.

तिच्यासाठी वजन करावे. सोनारकामाचा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता सहज मिळतो. कांडीचे ५-६ सेंटिमीटरचे तुकडे करून दोऱ्याने एकत्र बांधावेत आणि कोरडे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि तुकडे दोऱ्याला टांगून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवावेत. काटा आता जो आकडा दाखवतो तो तुकड्यांनी बाजूला सारलेल्या पाण्याचा आहे. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता हाती येते. सोड्याची काच २.५ च्या जवळ येते, बोरो २.२३ च्या जवळ, आणि चांगल्या शिशाच्या काचेची घनता २.९ च्या पुढे जाते. ६ मिलिमीटर जाडीची फूटभर कांडी सोड्याची असेल तर साधारण २१ ते २२ ग्रॅम भरते आणि ८.६ ग्रॅमच्या आसपास पाणी सारते, एवढ्यात चूक झाली तरी २.५ आणि २.२३ यांची गल्लत होत नाही. तुकड्यांना बुडबुडे चिकटू देऊ नयेत. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. गडद रंगांची घनता रंगद्रव्यामुळे थोडी इकडेतिकडे होते. ही परीक्षा बोरो आणि शिसे बाजूला काढते, पण १०४, ९६ आणि बुल्सआयची ९० यांच्यात भेद करण्याची ताकद तिच्यात नाही.

ज्योतीवरही यातले बरेच कळते. नुसत्या गॅसच्या छोट्या टॉर्चवर सॉफ्ट काचेचे, म्हणजे बोरोखेरीजच्या लवकर मऊ होणाऱ्या काचेचे, टोक काही सेकंदांत गोल होऊन लोंबू लागते आणि नारिंगी झळाळी सोडते, तर बोरोचे टोक लाल होऊनही आपला आकार सहजासहजी सोडत नाही. शिशाची काच ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत धरली की तिच्यावर करडा-काळा धातूसारखा थर चढतो. एक सावधगिरी पाळावी: अनोळखी कांडी एकदम ज्योतीच्या मध्यात घालू नये. ती सॉफ्ट असली तर टोक फुटून तुकडे उडतात. ज्योतीच्या लांबच्या भागात हळूहळू तापवावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या रंगांत कॅडमियम असू शकते, जुन्या काचेत शिसे असू शकते, म्हणून खिडकी उघडी आणि धूर बाहेर नेणारा पंखा चालू असल्याशिवाय ही कामे करू नयेत, आणि अशा कांड्या कोरड्या घासू नयेत.

अतिनील प्रकाशाच्या टॉर्चचा मोह अनेकांना असतो. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली युरेनियमची काच भडक हिरवी चमकते, मँगॅनीजची फिकी हिरवट, आणि कॅडमियम-सेलेनियमचे काही पिवळे-तांबडे रंग नारिंगी दिसतात. हे पाहायला मौज वाटते आणि कोणत्या पुडक्याला जास्त जपावे हे त्यातून कळते. प्रसरणाबद्दल मात्र त्यातून काहीही कळत नाही.

बोरो आणि शिसे बाजूला गेल्यावर जो मोठा ढीग उरेल, त्याच्यासाठी धाग्याची परीक्षा आहे, आणि या सगळ्या खटाटोपात मी सर्वांत जास्त भरवसा तिच्यावर ठेवतो. आपल्याकडची खात्रीची १०४ ची बिनरंगी कांडी एका हातात आणि अनोळखी कांडी दुसऱ्या हातात घ्यावी. दोन्हींची टोके सारखीच तापवून एकमेकींच्या शेजारी, अंगाला अंग लावून, एकजीव होतील अशी चिकटवावीत. एकीवर दुसरी चढवू नये आणि पीळ तर मुळीच देऊ नये. मग तो जोड सर्व बाजूंनी सारखा मऊ झाल्यावर ज्योतीबाहेर काढून, चिमट्याने पकडून, सुमारे १ मिलिमीटर जाडीचा फूटभर धागा शांतपणे ओढावा. धाग्यात अर्धी बाजू आपली आणि अर्धी बाजू पाहुणीची, अशी सबंध लांबीभर राहिली पाहिजे. दोन्ही काचा सारख्या आकसणाऱ्या असतील तर थंड झालेला धागा सरळ राहतो. नसतील तर तो धनुष्यासारखा वाकतो, आणि वाकाच्या आतल्या बाजूला जी काच असते ती जास्त आकसलेली, म्हणजेच जास्त प्रसरणाची असते. १०४ शेजारी ९६ असेल तर अशा धाग्याच्या मध्यावर साधारण ६ मिलिमीटरचा बाक येतो, ९० असेल तर १० ते ११ मिलिमीटरचा. जाडी बदलली की बाक बदलतो. धागा निम्म्या जाडीचा ओढला तर बाक दुप्पट होतो, म्हणून मापे पाहताना जाडीही पाहावी.

नवखे लोक इथे एक चूक हमखास करतात. ते पहिल्याच दिवशी अनोळखी काच ओढतात आणि धागा वाकला की तिला दोष देतात, जेव्हा खरा दोष हाताचा असतो. आधी आपल्याच १०४ च्या दोन खात्रीच्या, वेगळ्या रंगांच्या कांड्यांचे ५-६ धागे ओढावेत. त्यांत जो बाक येईल तो आपल्या हाताचा, असमान तापवण्याचा आणि वाऱ्याचा आहे, आणि पुढच्या प्रत्येक निकालातून तेवढा वजा धरावा. टेबलावरचा पंखा त्या वेळी बंद ठेवावा. सोलापुरात उन्हाळ्यात हा सल्ला म्हणजे शिक्षाच आहे, पण धाग्याच्या एका बाजूला वारा लागला की ती बाजू आधी गोठते आणि खोटा बाक येतो. प्रत्येक अनोळखी काचेचे किमान तीन धागे ओढावेत आणि हात बदलून ओढावेत. ते सारे पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांखाली पुडक्याचा क्रमांक घालावा. माझ्याकडे असे पुठ्ठे आहेत आणि वर्षांनंतरही त्यांचा उपयोग होतो.

धागा सरळ आला म्हणजे सारे जिंकले असे मात्र नाही. प्रसरणाचा आकडा ० ते ३०० अंशांपर्यंतची सरासरी असतो, तर काचेतला ताण त्याच्या वरच्या भागात, ती मऊपणातून घट्टपणात जाताना, ठरायला सुरुवात होते. ती किती लवकर किंवा उशिरा घट्ट होते यावरही जुळणे अवलंबून आहे, आणि म्हणूनच समान आकडा छापलेल्या दोन कंपन्यांच्या काचा एकमेकींत बसतीलच असे नाही. त्यासाठी दुसरी परीक्षा भट्टीतून काढलेल्या नमुन्यावर करावी. बिनरंगी १०४ चा सपाट, पेढ्याएवढा तुकडा करून त्यात अनोळखी काचेचा मुगाएवढा कण बसवावा, शेजारी खात्रीच्या काचेचा तेवढाच कण बसवावा, आणि नेहमीप्रमाणे भट्टीत ताण काढून सावकाश थंड करावा. मग लॅपटॉपच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, त्यापुढे हा तुकडा धरावा आणि पोलराइज्ड गॉगलच्या काचेतून पाहत ती काच फिरवत न्यावी, जोपर्यंत पडदा काळा पडत नाही. त्या काळोखात जुळणाऱ्या कणाभोवती काही दिसत नाही, आणि न जुळणाऱ्या कणाभोवती उजेडाचे छोटे पंख उमटतात. उजेड जितका प्रखर तितका ताण मोठा. कण स्वतः अपारदर्शक असला तरी चालते, कारण पाहायचे असते ते त्याच्या भोवतालच्या बिनरंगी काचेत. दोन्ही कणांभोवती सारखाच उजेड दिसला तर काचेला नव्हे, भट्टीला दोष द्यावा आणि नमुना पुन्हा करावा.

ही दुसरी परीक्षा मी एकदा टाळली होती. एका विक्रेत्याने ‘१०४ च आहे’ म्हणून दिलेली तांबडी कांडी, धागा बऱ्यापैकी सरळ आला म्हणून, मी बिनरंगी मण्यांवर जाड थराने चढवली. भट्टीतून मणी सुरेख निघाले. तीन आठवड्यांनी ज्यांच्या गळ्यात ती माळ होती त्या बाईंनी दोन अर्धुके माझ्या हातावर ठेवली. माळ कशाला आपटली नव्हती, मणी डब्यात असताना तडकले होते. जास्त आकसणारी काच बाहेर असली की ती हातात रुतलेल्या बांगडीसारखी ताणलेली राहते, आणि ताणात काच फार दुबळी असते. तीच काच बारीक ठिपक्यापुरती वापरली असती तर कदाचित टिकली असती. म्हणून थोडा बाक दाखवणाऱ्या कांड्या मी ठिपके आणि बारीक रेघा यांच्यापुरत्या राखतो, आणि जाड थरासाठी फक्त तीच काच घेतो जी दोन्ही परीक्षांत निर्दोष ठरली आहे.

भट्टीच्या तापमानाबद्दल एक युक्ती सांगतो. अनोळखी कांडी आणि ओळखीची १०४ ची कांडी, दोन्ही सारख्याच जाडीच्या, दोन विटांच्या आधारावर आडव्या ठेवाव्यात आणि भट्टी हळूहळू चढवत न्यावी. ज्या तापमानाला एखादी कांडी मध्यात लोंबू लागते ते टिपून घ्यावे. दोघी जवळपास एकदमच लोंबल्या तर आपले नेहमीचे ५१० ते ५२० अंश त्या काचेलाही चालतील. अनोळखी आधी लोंबली तर तिच्यासाठी तेवढ्याच अंशांनी खाली यावे. जपानी साताकेसारख्या शिशाच्या कांड्या, ज्यांचे प्रसरण ११० च्या वर असते, अशाच लवकर लोंबतात आणि १०४ च्या तापमानाला ठेवल्या तर विटेला चिकटून बसतात. उलट बोरोला ५६५ च्या आसपास नेल्याशिवाय तिचा ताण निघत नाही. आपल्या साठ्यात बोरो निघालीच तर ती मण्यांच्या टेबलावरून कायमची हलवावी. बिनरंगी बोरो आणि बिनरंगी १०४ टेबलावर एकमेकींसारख्या दिसतात आणि घाईत हात चुकतो.

रंगाच्या वागणुकीवरूनही एखाद्या पुडक्याचा शोध लागतो. आपल्या फिरोजी कांडीच्या शेजारी हस्तिदंती कांडीचा थेंब ठेवावा. दोहोंच्या सीमेवर काळपट रेघ उमटली तर एकीत तांबे आणि दुसरीत गंधक आहे, आणि एफेत्रेच्या फिरोजी व हस्तिदंती रंगांची ही जुनीच खोड आहे. जी फिकी, जवळजवळ बिनरंगी कांडी पुन्हा तापवल्यावर गुलाबी होते ती सोन्याची असण्याचा संभव असतो, आणि ती महाग असते. तिचे धागे ओढताना कंजूषी करावी.

आता काळ्या कांड्या. बहुतेक काळ्या काचा खरोखर काळ्या नसून अतिगडद जांभळ्या असतात. एक केसासारखा धागा ओढून खिडकीपुढे धरला की जांभळा दिसेल. काही प्रकार मात्र धाग्यातही काळेच राहतात. पोतीसाठी आपण सगळे मणी एकाच पुडक्यातल्या काळ्या कांड्यांचे करणार असाल आणि त्यावर दुसऱ्या काचेचा ठिपकाही देणार नसाल, तर जुळण्याचा प्रश्नच उरत नाही आणि वरच्या परीक्षांपैकी फक्त घनतेची व लोंबण्याची पुरे आहे. पोत अंगावर रोज राहते, म्हणून घनता २.९ च्या पुढे गेलेली कांडी मी पोतीला वापरणार नाही. दोन पुडक्यांतल्या काळ्या कांड्या एका माळेत आणायच्या असतील तर आधी दोन्हींचे धागे खिडकीपुढे शेजारी धरून पाहावेत, कारण उन्हात एक मणी जांभळा आणि शेजारचा काळा दिसला की ते पोत घालणारीच्या लगेच ध्यानात येते.